बांधकामावर दुखापत झाली तर दावा कसा करायचा

दवाखान्यात डॉक्टरांना कारण नेमकं सांगा: ‘कामावर, परांचीवरून पडलो.’ केसपेपरवर नुसतं ‘पडून मार’ लिहिलं गेलं, की दुखापत कामावरचीच हे पटवणं फार जड जातं.

शक्यतो त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. तारीख, वेळ, जागा, साक्षीदारांची नावं घाला आणि पोच घ्या. परांची रातोरात उतरवली जाते, म्हणून फोटो लगेच काढायला सांगा: निसटलेला क्लॅम्प, नसलेला कठडा, सेफ्टी बेल्टचं लेबल, ठेकेदाराच्या नावाचा फलक. मजुरी रोखीत मिळत असेल तर मुकादमाचे मेसेज जपा. कामावर होतात याचा तोच पुरावा.

कामगार भरपाईत, म्हणजे कामावरच्या दुखापतीसाठी कायद्याने मिळणाऱ्या भरपाईत, बहुतेक देशांत मालकाची चूक दाखवावी लागत नाही. उपचारखर्च आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळतो. सदोष यंत्राच्या उत्पादकावर किंवा दुसऱ्या ठेकेदारावर निष्काळजीपणाचा दावा वेगळा. तिथे चूक सिद्ध करावी लागते, पण सोसलेल्या वेदनांचीही भरपाई मागता येते.

‘पूर्ण व अंतिम’ (म्हणजे यापुढे काही मागणार नाही) असं लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. दोन्ही दाव्यांच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. पहिल्याच भेटीत त्या विचारून घ्या.