ऑगस्टमधला माग सप्टेंबरात खोटा ठरतो

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला ड्रिफ्टलेस नावाचा डोंगराळ पट्टा आहे, तिथे मी धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची शिकार करते. पहिल्या वर्षी ऑगस्टभर संध्याकाळी दुर्बीण घेऊन एका सोयाबीनच्या शेताकडे बघत बसायचे. आठ-नऊ हरणं यायची. त्यांतले तीन नर, शिंगांवर अजून मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ, लवदार कातडी), अगदी ठरल्या वेळी हजर. मी खुशीत बांधावरच्या झाडाला मचाण लावलं. इथे धनुष्याचा मोसम १५ सप्टेंबरच्या जवळच्या शनिवारी उघडतो. उघडल्यावर चार संध्याकाळी बसले आणि एक खार बघून परत आले. शेतमालक हसले. म्हणाले, "पानं पिवळी पडली की. आता काय खायला येतील ती?"

तेव्हापासून ठसे शोधायच्या आधी मी एवढंच बघते, की या आठवड्यात हरीण खातंय काय. सोयाबीनची पानं हिरवी असेपर्यंत ती शेतात असतात. पानं पिवळी पडायला लागली की शेत सुटतं, आणि नेमकी त्याच सुमारास ओकची फळं गळायला लागतात. व्हाइट ओक ओळखायला शिका. त्याच्या पानाच्या कडा गोल कातरलेल्या असतात; रेड ओकच्या पानाला टोकं असतात आणि टोकाला बारीक केसासारखा काटा. व्हाइट ओकचं फळ कमी तुरट, म्हणून हरणं आधी त्याच्याकडे वळतात. ऑगस्टमध्ये दुर्बिणीने फांद्या बघा आणि ज्या झाडाला फळ धरलंय त्यावर नकाशात खूण करा. सगळी झाडं दरवर्षी फळत नाहीत. टोपीसकट (देठाकडच्या वाटीसकट) लवकर गळालेली फळं बहुतेक किडकी असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. झाडाखाली फुटलेली टरफलं, रिकाम्या टोप्या आणि ताज्या लेंड्या एकत्र दिसल्या, तर ती जागा माझ्या लेखी दहा ठशांपेक्षा मोलाची. तिथला पाचोळा विस्कटलेला असेल तर आधी टर्की पक्ष्याचा संशय घ्या. मी एकदा तो नराने उकरलेला समजून उगाच नाचले होते.

ठशाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात. मागची दोन छोटी खुरं उमटली म्हणजे नर, असं हमखास ऐकाल. ओल्या चिखलात मादीचीही उमटतात. ठशावरून मी फक्त दिशा आणि तो किती जुना आहे ते बघते. शेवटचा पाऊस कधी पडला ते वहीत लिहून ठेवा. ठशात थेंबांचे खळगे असतील तर तो पावसाआधीचा. कडा धारदार असेल तर ताजा, ढासळलेली असेल तर जुना. वाटेवर कमरेच्या उंचीला कोळ्याचं अखंड जाळं असेल, तर आज तिथून कुणी गेलेलं नाही.

लेंड्यांचंही तसंच. कोवळा, रसदार चारा खाल्ला की त्यांचा एकमेकींना चिकटून गोळा होतो, सुकं खाल्लं की सुट्या मण्यांसारख्या पडतात. चकाकी असेल तर ताज्या. आणि कुरतडलेलं रोप नीट बघा: हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ ओरबाडल्यासारखा फाटतो. सुरीने तिरकं कापल्यासारखा दिसला तर तो ससा.

मखमल साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उतरते. त्यानंतर नर खोडांवर शिंगं घासतात, साल सोलली जाते. या खुणेला इथले शिकारी रब म्हणतात. सप्टेंबरातला रब मला फार आवडतो, कारण त्या वेळी नर अजून माद्यांमागे भटकत नसतात; तो आसपासच राहत असण्याची शक्यता मोठी. सोललेली बाजू बघा. नर बहुधा त्या बाजूने आलेला असतो. चार-पाच रब एका रांगेत सापडले तर रांगेची दोन टोकं शोधा: एकीकडे खाणं, दुसरीकडे हरणाची बसायची जागा. जमीन उकरून केलेल्या स्क्रेपच्या मागे मात्र इतक्यात लागू नका, त्यांचा खरा हंगाम ऑक्टोबरनंतर.

बसायची जागा बहुतेकदा डोंगराच्या सोंडेवर, माथ्याच्या जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला सापडते. पाठीमागून येणाऱ्याचा वास वारा आणून देतो आणि खालचं सगळं डोळ्यांना दिसतं. दबलेल्या गवतात लहानमोठे लंबगोल जवळजवळ असतील तर मादी आणि पाडसं. एकटाच मोठा असेल तर नराची आशा धरायला हरकत नाही. पण आत शिरून खात्री करू नका! मी केली होती, आणि तो महिनाभर तिथे फिरकला नाही. लांबून अंदाज घ्या. संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली सरकते, तेव्हा मचाण खालच्या बाजूला असेल तर हरणाचा वास तुमच्याकडे येतो, वरच्या बाजूला असेल तर तुमचा त्याच्याकडे जातो.

शेवटची फेरी मी मोसमाच्या आठवडाभर आधी, भर दुपारी मारते, शक्यतो ओढ्याच्या पाण्यातून चालत. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कपड्यांवर आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवलेलं. ते अंगाला लावायचं नसतं. इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये टाकते, पूर्ण गरम करून, दहा मिनिटं. धुणं नंतर. मग आरशासमोर गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांत बघते, आणि त्यानंतरच वही उघडते.