डीएक्स७ ची बॅटरी बदलायचीय? आधी आवाज काढून ठेवा

दरवर्षी गणपतीच्या आधी महिनाभर मला हेच फोन येतात. कीबोर्ड चालू होतोय, पण आवाज भलतेच येतायत, डिस्प्लेवर नावांच्या जागी काहीतरी वेडंवाकडं दिसतंय, आणि कुणीतरी सांगितलंय की आतली बॅटरी बदल, पाच मिनिटांचं काम आहे. बॅटरी बदलणं खरंच पाच मिनिटांचं आहे हो, पण त्या बॅटरीच्या जिवावर आत जे जपून ठेवलेलं असतं ते बॅटरी काढली की जातं, आणि हे सांगायला कुणी थांबत नाही.

मी सांगलीत राहतो, यामाहा डीएक्स७, म्हणजे आवाज स्वतः बनवता येणारा जुना सिंथेसायझर कीबोर्ड, आजवर बरेच उघडलेत. ऑर्केस्ट्रावाल्यांचे जुने, आणि आता गेल्या काही वर्षांत घरी बसून इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणारी पोरं सेकंडहँड घेऊन येतात ते. म्हणून हे सगळं डीएक्स७ धरून लिहितोय, तोही १९८३ चा पहिला. रोलँड जुनो-१०६, रोलँड डी-५०, कॉर्ग एम१ या सगळ्यांत बॅटरी तीच सीआर२०३२ आणि काम पण तसंच, फक्त आवाज बाहेर काढायची बटणं वेगळी, ती त्यांच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आत नेमकं काय असतं ते आधी डोक्यात ठेवा. डीएक्स७ च्या इंटर्नल मेमरीत ३२ आवाज, म्हणजे नाव देऊन साठवलेले टोन, राहतात, आणि कीबोर्ड बंद असला तरी ती मेमरी जिवंत ठेवायचं काम ती ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी करते. फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबलं की बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. नवीन सेल ३ च्या वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलं की मी वाट बघत नाही. बऱ्याच डीएक्स७ मध्ये कंपनीतून आलेली पहिली बॅटरी वीस-वीस वर्षं टिकलेली मी बघितलीय, त्यामुळं लोकांना वाटतं ती कायमचीच आहे.

आणखी एक, कुणी जपानवरून आलेला डीएक्स७ घेतला असेल तर मागची प्लेट वाचा. तिकडचा १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडं २३० येतात. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर नसेल तर प्लग लावूच नका.

आवाज बाहेर काढणं

आता खरं काम, आणि मी जिथं एकदा मोठा फटका खाल्ला ती जागा.

बुधगावच्या एका काकांचा डीएक्स७ माझ्याकडं आला होता. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आणि त्यांनी स्वतः, मॅन्युअल नसताना, नुसतं बटणं दाबून आणि कानानं ऐकून सनईचे दोन आवाज बनवले होते. एक लग्नातल्या मंगलाष्टकांसाठी, एक जत्रेसाठी जरा चढा. एफएम सिंथेसिसमध्ये, म्हणजे एका लहरीनं दुसरी हलवून आवाज बनवायच्या डीएक्स७ च्या पद्धतीत, सनईसारखा आवाज काढणं म्हणजे काय असतं ते ज्यानं करून बघितलंय त्यालाच कळेल. लहरी काढणारे सहा ऑपरेटर, ते एकमेकांना जोडायचे ३२ अल्गोरिदम, एक आकडा इकडचा तिकडं झाला तर सनईचा पत्रा होतो. काका म्हणाले, "बाकी सगळं गेलं तरी चालेल, सनई जाऊ देऊ नका." मी म्हणालो काळजी करू नका काका, आधी कॉम्प्युटरवर काढून घेतो.

आणि काढून घेतलं. माझ्याकडं तेव्हा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायची एक स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल होती, ती लावली, डंप, म्हणजे मेमरीतले सगळे आवाज एकदम, पाठवला, फाइल आली. विंडोजमध्ये फाइलपुढं ४ केबी दिसलं. ३२ आवाज, प्रत्येकाचे १२८ बाइट, म्हणजे ४०९६, म्हणजे ४ केबी, बरोबर, असं मी मनात म्हणालो आणि सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवलं.

ते बरोबर नव्हतं. डीएक्स७ चा ३२ आवाजांचा पूर्ण डंप ४१०४ बाइटचा असतो, पुढं ६ बाइट, मागं चेकसम, म्हणजे बेरीज ताडायचा एक बाइट, आणि शेवटचा एक बाइट धरून. विंडोज केबी वरच्या बाजूला पूर्ण करून दाखवतं, म्हणून पूर्ण फाइलपुढं ५ केबी दिसायला पाहिजे होतं. माझी फाइल ३८०० बाइटची होती, मधूनच ३०४ बाइट गळाले होते. कळलं तेव्हा जुनी बॅटरी टेबलावर पडली होती.

दोन रात्री बसलो. प्रत्येक आवाजाच्या १२८ बाइटांपैकी शेवटचे १० बाइट म्हणजे त्याचं नाव, त्यामुळं फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली की नावं वाचता येतात, आणि नावांवरून कुठला आवाज कुठं सुरू होतो ते धरून बाकीचं मागं-पुढं सरकवता येतं. असं करून २९ आवाज परत आणले. तीन गेले, आणि सनईचे दोन्ही त्या तिनातच होते. काका काही बोलले नाहीत. कीबोर्ड काखेत धरून रिक्षात बसले आणि गेले, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आता मी जे सांगतोय ते जसंच्या तसं करा, यातलं काही गाळू नका.

केबल. ती दोन-तीनशे रुपयांची, मध्ये छोटी डबी असलेली यूएसबी-मिडी केबल या कामाला वापरू नका. नुसत्या नोट वाजवायला ती चालते, कारण एक नोट म्हणजे तीन बाइट. पण डंप म्हणजे सलग ४१०४ बाइट, मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे साधारण सव्वा सेकंद न थांबता माल येत राहतो आणि त्या डबीतला छोटा बफर भरून वाहतो. जे वाहून गेलं ते गेलं, केबल तुम्हाला सांगत पण नाही. गोल पाच पिनांची मिडी सॉकेटं असलेला ऑडिओ इंटरफेस कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा, रेकॉर्डिंगवाल्यांकडं असतोच. कीबोर्डचा मिडी आऊट इंटरफेसच्या मिडी इनमध्ये.

सॉफ्टवेअर विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन. दोन्ही फुकट मिळतात. मिडी-ऑक्समध्ये इनपुटचे बफर वाढवून घ्या. आणि डीएक्स७ चालू असेपर्यंत "मी आहे, मी आहे" असं सांगणारा अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंगचा बाइट सारखा पाठवत राहतो, तो फिल्टर करा, नाहीतर स्क्रीन त्यानंच भरून जाते आणि नवीन माणूस घाबरतो.

कीबोर्डवर फंक्शन, मग ८ नंबरचं बटण. पहिल्यांदा मिडी चॅनल येईल, तो १ ठेवा, हा पहिला डीएक्स७ पाठवतो ते चॅनल १ वरच. परत ८ दाबलं की सिस्टीम इन्फोचं येईल, येस दाबून ते अव्हेलेबल करा. परत ८, मग "मिडी ट्रान्समिट" असं विचारेल. कॉम्प्युटरला आधी ऐकायला लावा आणि मगच येस दाबा. एखादा आवाज बदलून सेव्ह करायचा राहिला असेल तर तो या सगळ्याच्या आधी मेमरीत स्टोअर करा, डंपमध्ये मेमरीतले ३२ च येतात.

आता तपासणी. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बाइट बघा, केबी नाही, बाइट. ४१०४ म्हणजे ४१०४, ४१०३ पण चालत नाही. हेक्समध्ये उघडा, सुरुवात एफ०, ४३, ००, ०९, २०, ०० आणि शेवट एफ७. मग डंप दुसऱ्यांदा काढा, वेगळ्या नावानं सेव्ह करा आणि दोन्ही फाइल एकमेकींशी ताडून बघा, एका बाइटचा फरक असेल तर केबल किंवा इंटरफेस बदला आणि परत पहिल्यापासून.

एवढ्यावर पण थांबू नका. डेक्स्ड नावाचं फुकट प्लगइन आहे, डीएक्स७ ची कॉम्प्युटरवरची नक्कल. त्यात फाइल टाका, ३२ नावं कीबोर्डच्या नावांशी जुळतात का बघा, आणि मालकाला शेजारी बसवून त्याच्या जिव्हाळ्याचे आवाज वाजवून दाखवा. तो "हा, हाच" म्हणाला की मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. ज्यांच्याकडं कॉर्गचा व्होल्का एफएम आहे त्यांना तर ही फाइल त्यात पण टाकता येते, तो डीएक्स७ चे आवाज घेतो, एका वेळी तीनच नोट वाजतात एवढंच.

पिच बेंड किती, मॉड्युलेशन व्हील कशाला जोडलंय, ही फंक्शनमधली सेटिंगं या डंपमध्ये येत नाहीत. कागदावर लिहून घ्या.

कुणी म्हणेल आवाज कार्ट्रिजवर टाकून ठेवू. रॅम कार्ट्रिज, म्हणजे कीबोर्डात खोचायची मेमरीची डबी, ती पण कीबोर्डाएवढीच म्हातारी असते. एकट्या तिच्यावर विसंबू नका.

आणि सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "कीबोर्ड चालू ठेवून बॅटरी बदल, मग मेमरी जात नाही." मला हे दर सहा महिन्यांनी कुणीतरी ऐकवतं. उघड्या कीबोर्डमध्ये २३० व्होल्टचं पॉवर सप्लाय तुमच्या मनगटाशेजारी असतं, वर आपल्याकडं निम्म्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, आयर्नच्या टोकाला करंट उतरत असतो आणि तो थेट चाळीस वर्षं जुन्या चिपमध्ये जातो. मेमरीबरोबर बोर्ड जाईल, आणि ते बोर्ड आता नवीन मिळत नाही. प्लग काढायचा, भिंतीतून काढायचा.

बॅटरी

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, स्क्रू काढून वरचं पॅनल उघडा, बोर्डाचा फोटो काढा. प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहे ते फोटोत स्वच्छ दिसलं पाहिजे.

जुनी बॅटरी नुसती बसवलेली नसते, तिला पत्र्याचे पाय वेल्ड केलेले असतात आणि ते बोर्डाला सोल्डर असतात. ओढायचं नाही. थोडं फ्लक्स आणि थोडं नवीन सोल्डर जुन्यावर चढवा, म्हणजे जुनं लवकर वितळतं, मग डिसोल्डर पंपानं ओढून घ्या, पाय सैल झाला की बॅटरी आपोआप येते. नाही आली तर परत सोल्डर चढवा, परत ओढा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसाला बघितलंय का कधी, एक घास मारतो, तार छेडून ऐकतो, परत एक घास. तसं काम आहे हे. जोर लावला की बोर्डावरचा तांब्याचा ठिपका पायाबरोबर उखडून येतो. २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडं आलेल्या दोन कीबोर्डांत पाय हिरवे पडले होते, तिथं सोल्डर वितळायलाच तयार नसतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं घासून घ्या.

नवीन सेल थेट सोल्डर करू नका. लिथियम सेलला आयर्न लावणं धोक्याचं आहे, फुटू शकतो, आणि नाही फुटला तरी आतून मरतो. सीआर२०३२ चा होल्डर लावा. त्याचे पाय बहुतेक वेळा जुन्या भोकांत बसत नाहीत, मग लाल आणि काळी अशा दोन छोट्या वायरी काढा आणि होल्डर बाजूला मोकळ्या जागी पक्का चिकटवा, पट्ट्यांना आणि उघड्या सोल्डरला लागणार नाही असा. मल्टिमीटरनं प्लस-मायनस दोनदा बघा. सेल बंद पाकिटातला घ्या, सुट्टे घेऊ नका.

झाकण लावायच्या आधी चालू करून बघा. डिस्प्लेवर कचरा दिसेल, दिसणारच. फंक्शन १४ वर व्होल्टेज बघा. मग इंटर्नलचं मेमरी प्रोटेक्ट ऑफ, सिस्टीम इन्फो अव्हेलेबल, चॅनल १, आता केबल उलटी, इंटरफेसच्या आऊटमधून कीबोर्डच्या इनमध्ये, आणि फाइल पाठवा. मेमरी प्रोटेक्ट विसरलं की काहीच होत नाही आणि लोक बॅटरीला दोष देत बसतात.

नावं परत आली की बंद करा, प्लग काढा, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चालू केल्यावर ३२ च्या ३२ नावं जागेवर असली तरच स्क्रू लावा. आतल्या बाजूला मास्किंग टेप चिकटवून त्यावर आजची तारीख आणि सेलचं व्होल्टेज मार्करनं लिहा, आणि फाइल मालकाला त्याच्यासमोर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शिवाय एक पेन ड्राइव्हमध्ये. माझ्याकडं आलेल्या प्रत्येक कीबोर्डची फाइल मी पण ठेवतो, फोल्डरला गावाचं नाव देऊन. बुधगावच्या फोल्डरमध्ये २९ आवाज आहेत.