शाळा उघडायच्या आधी: वर्गणी नको, वार सांगा

१ मेला निकालपत्रक हातात पडलं की शाळेला कुलूप लागतं. पुढचा दीड महिना त्या इमारतीत पाली, विंचू आणि धूळ राहते. आमच्याकडे, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, शाळा जूनच्या मध्याला उघडते. विदर्भात ऊन उतरेपर्यंत थांबतात, म्हणून तिकडे महिनाअखेर. म्हणजे तयारीला खरे हाताशी येतात ते जूनचे पहिले पंधरा दिवस, आणि नेमकी तेव्हाच रानात पेरणीपूर्वीची घाई असते. शाळा व्यवस्थापन समितीवर माझं हे तिसरं वर्ष. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते आठवी आहे, पण ही यादी सहावी ते आठवीच्या पालकांसाठी लिहितेय. पहिलीच्या पोराला सोडायला अख्खं घर येतं, फुगे लागतात, रंगात पाय बुडवून ठसे घेतात. सातवीतल्याला मात्र ‘जा आता, मोठा झालास’ एवढंच.

सगळ्यात आधी बैठक, आणि बैठकीत वर्गणीचा विषय काढू नका. पहिल्या वर्षी आम्ही घरटी शंभर रुपये ठरवले होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी शाळेकडे फिरकणंच सोडलं. रस्त्यात मी दिसले तरी बाया पदर सावरत दुसऱ्या बोळात वळायच्या. दुसऱ्या वर्षी गिरणीच्या दाराला एक मोठा कागद चिकटवला: गवत काढणं, चार जण, दोन तास, विळा आपला. टाकी धुणं, तीन जण, एक सकाळ. पुस्तकांना कव्हरं, सहा जणी, संध्याकाळी पाचनंतर. खाली एवढंच लिहिलं, ‘वर्गणी नको, वार सांगा.’ दळण घ्यायला आलेल्या माणसाला कागद वाचण्याशिवाय दुसरं काम नसतं. आठवड्यात कागद भरला. वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा: खुरपायला जाणाऱ्या बाईला सकाळी अकराला बोलावलं तर तिचा रोज बुडतो. ते तिचे पैसेच झाले, म्हणजे मागच्या दाराने पुन्हा वर्गणीच.

समितीची यादीही याच बैठकीत बघून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बाया असायला हव्यात. कागदावर असतातच. प्रत्यक्षात किती जणींच्या जागी त्यांचे मालक येऊन सही ठोकून जातात, ते आपल्या गावापुरतं ज्याने त्याने मोजावं.

मग कामाला हात. पहिला फेरा दिवसाउजेडी, दोघातिघांनी, हातात काठी घेऊन. वर्गात शिरताना आधी दार वाजवा, कपाटामागे आणि सतरंज्यांच्या गठ्ठ्यात हात घालू नका. पत्र्याला कुठून उजेड दिसतो त्या जागांवर खाली खडूने फुली मारा, म्हणजे पाऊस आल्यावर कुठल्या बाकावर गळणार ते आधीच कळतं. वायरमन असलेला एखादा पालक प्रत्येक गावात सापडतो. बटणं, उघड्या तारा आणि पंखे त्याच्याकडून बघून घ्या. डिजिटल वर्गातला टीव्ही सुरू होतो का, हेही त्यालाच बघू द्या, नाहीतर पंधरा ऑगस्टला कळतं.

टाकीला मात्र अख्खी सकाळ द्या. महिनाभर उन्हात तापलेलं पाणी सगळं सोडून द्यायचं, तळाचा गाळ हाताने काढायचा, ब्रशने भिंती घासायच्या. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका, ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला बोलवा. तो ओटी चाचणीची बाटली घेऊन येतो. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळसर रंग आला की क्लोरीन आहे असं समजायचं. हे पोरांना बघू द्या. आमच्याकडे आठवीची दोन पोरं गंमत म्हणून थांबली होती, ती आता वर्षभर तोटीखाली बाटली धरून ‘पिवळं आलं का’ बघतात. आणि टाकीवर झाकण आहे का? आमच्या टाकीच्या झाकणावर दगड ठेवायचो आणि माकडं तो ढकलायची. शेवटी एका पालकाने घरातली जुनी साखळी आणून झाकण बांधलं.

पाण्याचा संबंध थेट दप्तराशी आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. ३५ किलोच्या पोराला साडेतीन किलो झाले. शाळेतलं पाणी पिण्याजोगं नसेल तर एक लिटरची बाटली घरून जाते, म्हणजे एक किलो तिथेच संपला. आमच्या वाण्याकडे शेंगा तोलायचा ताणकाटा आहे, त्याला मागच्या वर्षी आम्ही सातवीची दप्तरं अडकवली. सर्वांत जड दप्तरात काय निघालं असेल? सहावीची पुस्तकं. ‘राहिली होती,’ पोरगा म्हणाला. तेव्हा घरी सुट्टी संपायच्या आत दप्तर उलटं करून झाडा, आणि मागच्या वर्षीची चांगली पुस्तकं शाळेत जमा करा. पुस्तक हरवणारी दोनचार पोरं दर वर्षी असतातच.

नवी पुस्तकं मोफत मिळतात, ती पहिल्याच दिवशी हातात पडायला हवीत. त्यासाठी गठ्ठे आले की इयत्तेनुसार आणि विषयानुसार मोजून ठेवायला दोन माणसं द्या. पट वाढलेला असेल तर कमी पडलेला आकडा मोठ्या बाईंना आधीच सांगता येतो. वह्यांचं थोडं सावधपणे घ्या. २०२३-२४ ला बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं जोडून आली होती, तेव्हा घरोघर वह्या कमी घेतल्या गेल्या. ती पानं पुढे बंद झाली, म्हणून आता विषयागणिक वही धरा. दोनशेपानी एकदम घेण्यापेक्षा शंभरपानी दोन घेतल्या तर रोज अर्धंच ओझं. तालुक्याला ठोक भावात घेतल्या तर स्वस्त पडतात, पण उधारीची वही एकाच माणसाकडे राहू द्या.

गणवेशाचं माप शाळा सुटतानाचं चालत नाही. या वयात पोरं सुट्टीत आंबे खातात आणि लांब होतात. दोन गणवेश सरकारकडून येतात, एका जोडीला तीनशे रुपये धरून. २०२४-२५ ला हे काम राज्यपातळीवर गेलं होतं, २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समितीकडे आली. म्हणजे आता कापड आपणच निवडणार, तर दोन गोष्टींवर अडून बसा. एक, पायाशी दोन इंच दुमड. दिवाळीला शिवण उसवून पॅंट खाली सोडता येते. दोन, मुलींच्या वरच्या पांढऱ्या कापडाखाली हात धरून उजेडात बघा. बोटं मोजता आली तर ते कापड परत करा, मग दुकानदार काहीही म्हणो. सातवी-आठवीच्या पोरी अशा सदऱ्यावर भर उन्हात स्वेटर घालतात, आणि आपण म्हणतो हिला बरं नाही का.

आता ज्या कामाला कुणी नाव देत नाही ते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागते का? समितीतल्या बाईनेच आत जाऊन, दार लावून, बघून यायचं. बाहेरून ‘आहे कडी’ म्हणणं वेगळं. आमच्याकडे कडी होती, कोयंडाही होता, पण दार खाली बसलं होतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना भेटत नव्हते. अर्ध्या इंचाचा फरक. तेवढ्यासाठी मुली दोघीदोघींनी जायच्या, एकीने बाहेरून दार धरायचं. बऱ्याचजणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. माझी स्वतःची मुलगी बाटली भरलेली परत आणायची आणि मी तिला रागवायचे. हे दोन वर्षं चाललं होतं आणि सगळ्या बैठकांत आम्ही कंपाउंडच्या रंगावर बोलत होतो. तर कडी, आत दप्तर अडकवायला खुंटी, बादली, झाकणाचा डबा. पॅड बाईंच्या खणात ठेवू नका, मागायला कुणी जात नाही. आतच फळीवर डबा ठेवा आणि किती उरले ते आठवीच्या दोन मुलींवर सोपवा.

आहाराची खोली उघडाल तेव्हा आधी वास घ्या. सुट्टीआधीचा तांदूळ उरला असेल तर पोतं उपडं करून चाळा. सोंडे दिसले तर ते पोतं बाजूला ठेवून तशी नोंद करायला सांगा. पोती जमिनीवर नकोत, भिंतीलाही टेकलेली नकोत, खाली फळ्या घाला. प्रमाण तोंडपाठ असू द्या: सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी, पाचवीपर्यंत तांदूळ १०० ग्रॅम. वरच्या वर्गांत चाळीस पोरं असतील तर तेवढ्यांचाच सहा किलो तांदूळ चुलीवर जायला हवा. हा हिशोब कुणावर संशय म्हणून करायचा नाही. स्वयंपाकीण ताईंना आपणहून विचारा, परात पुरते का, शेगडी दोन्ही बाजूंनी पेटते का. पोरांच्या आधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं, त्याला पालकांचे वार लावा. आणि तांदळात काही दाणे वेगळे, पिवळट दिसले, पाण्यावर तरंगले, तर ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून व्हिडिओ काढत बसू नका. शंभराला एक या प्रमाणात लोह आणि जीवनसत्त्वांचे दाणे त्यात मुद्दाम मिसळलेले असू शकतात. मागच्या पावसाळ्यात यावरून आमच्याकडे दोन दिवस भात वाया गेला.

कागदपत्रांचं मेमध्येच उरका, जूनमध्ये सेवा केंद्रावर कॉलेजवाल्यांची रांग लागते. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एक अक्षरही वेगळं नको. आठवीत जाणाऱ्याने उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, कारण राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीला तो लागतो. परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. वाडीवरून पाचवी करून आलेल्या पोराचा शाळा सोडल्याचा दाखला अजून आला नाही, म्हणून त्याला कुणी घरी बसवत असेल तर ऐकू नका. दाखल्याच्या उशिरासाठी प्रवेश अडवता येत नाही, कायद्यातच तसं आहे.

वाड्यांवरच्या पोरांचा रस्ता शाळा उघडायच्या आदल्या रविवारी स्वतः चालून बघा. ओढ्यावरची फरशी, मोकाट कुत्री, रस्त्याकडेची उघडी विहीर. एसटीने येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत. फॉर्मवर शाळेचा शिक्का लागतो, तो एकगठ्ठा मारून घ्या. पण पास असून गाडीच शाळा भरल्यावर येत असेल तर काय उपयोग? आगाराला वेळापत्रकासाठी अर्ज मेमध्ये द्यावा, समितीच्या ठरावासह.

मदतीला येणाऱ्यांनाही दोन शब्द. आपल्या पोराच्या वर्गात मदतीला जाऊ नका. हे मला लेकीने शिकवलं. सातवीच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गात पुस्तकं वाटायला गेले आणि सगळ्यांसमोर ‘बाळा, डबा खाल्लास का’ म्हणाले. संध्याकाळी तिने जेवताना एवढंच सांगितलं, ‘आई, तू सहावीत जात जा.’ तेव्हापासून पालकांची अदलाबदल करतो. दुसरं, कुठलंही पोर एकट्याने मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नको, तो माणूस कितीही भला असो. तक्रारपेटी रिकामी लटकत असेल तर तिची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर वर्गात पोरांच्या उंचीवर लिहा, छताजवळ सुविचारांच्या रांगेत नको.

पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल द्यायचं तर द्या, भाषण मात्र एकच ठेवा. त्या दिवशी पालकांचं खरं काम फाटकात उभं राहून कोण आलं नाही ते टिपायचं. आठवीची दोन पोरं ‘मामाकडे आहेत’ असं कळलं, तर मामाकडे म्हणजे कुठे आणि कुठल्या कामावर, हे त्याच संध्याकाळी घरी जाऊन विचारा. महिन्याने विचारलं तर ती पगारावर लागलेली असतात. आठवड्याला एकदा लोहाची निळी गोळी मिळते, ती उपाशी पोटी नको, म्हणून न्याहारी करून पाठवा. जंताची गोळी ज्या दिवशी असते, त्या दिवशी सुट्टी मारू देऊ नका.

आणि सुताराला आत्ताच सांगून ठेवा. जुलैत पाऊस लागला की लाकडी दार फुगतं, कडी पुन्हा कोयंड्यात जात नाही. आमचा सुतार पंचमीनंतर गणपतीच्या मखरांत अडकतो, मग पितृपक्षापर्यंत हाताला लागत नाही. त्याच्याकडून एकदा रंधा मारून, स्क्रू आवळून घ्या, आणि परत एकदा आत जाऊन दार लावून बघा.