शेडमधलं कर्जत : मुंबईच्या दमट हवेत छोटी रेल्वे कशी उभारावी, कशी चालवावी

मुंबईत घरामागे रिकामी शेड असणं ही चैनच. तरी गावठाणातल्या जुन्या घरांच्या परसात, वाडीतल्या बंगलीमागे, क्वचित तळमजल्याच्या मागल्या अंगणात आठ बाय दहाची पत्र्याची खोली असते. आत मोडकी सायकल, रंगाचे अर्धे डबे आणि गणपतीच्या मखराच्या पट्ट्या. ती रिकामी करायला घरचे तयार झाले, तर तिथे बऱ्यापैकी मॉडेल रेल्वे मावते. शेड नसेल तर बंद केलेली गॅलरीही चालते. मग खालची योजना एका भिंतीपुरती धरा.

आधी स्टेशन ठरवा

बहुतेकांचा पहिला लेआउट, म्हणजे फळीवरची रेल्वेची मांडणी, असतो लंबगोल रूळ आणि त्यावर फिरणारी गाडी. दोन आठवडे मजा येते, मग गाडीवर धूळ बसते. म्हणून लाकूड आणण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: इथे आलेल्या गाडीला काम काय?

मुंबईकराच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते दादर किंवा सीएसएमटी. पण छोट्या रेल्वेचं एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी धावली ते ३४ किलोमीटरचं अंतर, या मापात जवळजवळ ३९० मीटर होतं. ते सोडा, बारा डब्यांची एक लोकलच तीन मीटरच्या आसपास भरते, म्हणजे तुमची दहा फुटी भिंत संपली. त्यामुळे लोकल चार डब्यांची, फार तर सहा. मेल गाडीलाही पाच डबे पुरे. डोळा लवकर सरावतो.

माझी शिफारस कर्जतची. मुंबईहून येणाऱ्या काही लोकल तिथे संपतात, खोपोलीचा फाटा तिथून निघतो, आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. घाटाचा चढ १:३७ आहे, पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. एका छोट्या स्टेशनात इतकी कामं क्वचितच सापडतात. जागा फारच कमी असेल तर नेरळ घ्या आणि माथेरानची गाडी करा. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गाचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अवघा ६१० मिलिमीटर आणि वळणं इतकी तीव्र, की टेबलावरचं आखूड वळणही खोटं वाटत नाही. १:८७ चे डबे आणि एन गेज या आणखी छोट्या मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ अशी जोडी त्यासाठी चालते.

एक तडजोड सुरुवातीलाच मान्य करा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशी १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेला आहे. गाडी समोरून पाहिली तर किंचित अरुंद पायांवर उभी दिसते, बाजूने काहीच कळत नाही. स्वतः रूळ ओतणारे आणि चाकं बदलणारे शौकीन आहेत. पहिल्या लेआउटला तो हट्ट नको.

शेड कोरडी करा

इथे पैसे आणि वेळ दोन्ही सढळ हाताने घाला. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत, आणि रेल्वेचा खरा शत्रू ती दमट हवा आहे.

पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होतात. ते सगळे बदला आणि मग वर पाइपने पाणी सोडून आत बसून बघा. पत्र्याखाली फॉइल लावलेली इन्सुलेशन शीट मारली की मे महिन्यातली भट्टी कमी होते आणि पहाटे पत्र्याच्या आतून ठिबकणारं दवही थांबतं. जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान सहा इंच उंच हवी. २६ जुलै पाहिलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. खिडकीला आणि फटींना बारीक लोखंडी जाळी ठोका. मच्छरदाणीची नायलॉन जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो आणि आत आला की त्याला वायरींचं प्लास्टिक फार आवडतं. पालींचं काही करता येत नाही. गाडी सोडण्याआधी रुळांवरून एक नजर टाकायची सवय लावा.

घरातून शेडमध्ये वीज नेण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग, यांतलं काहीही वगळू नका.

फळी आणि तिची उंची

आठ बाय दहाच्या खोलीत मधोमध टेबल टाकलंत तर तुम्ही भिंतीला चिकटून फिराल. उलट करा: भिंतींच्या कडेने दीड फूट रुंदीची फळी, मध्ये तुम्ही. हात दोन-अडीच फुटांपलीकडे नीट पोचत नाही आणि घसरलेला डबा नेमका तिथेच असतो. फळी कोपराच्या उंचीला, म्हणजे साधारण ११० सेंटीमीटरवर ठेवा. गाडी डोळ्यांच्या जवळ येते, खाली कपाटं मावतात. दार बाहेर उघडणारं करून घ्या आणि दारासमोरचा तुकडा बिजागरीवर उचलता येईल असा पूल करा. पूल वर असताना अलीकडच्या-पलीकडच्या रुळांची वीज तुटेल असा एक मायक्रोस्विच लावा. चार फुटांवरून फरशीवर पडलेलं इंजिन परत पहिल्यासारखं होत नाही.

एमडीएफ नको, पावसात फुगतो. १२ मिलिमीटरचं आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर लावा. खालचा सांगाडा लाकडाऐवजी अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा केला तर वाळवीचा प्रश्न मिटतो. स्लायडिंग खिडक्या बनवणारा कारागीर तो मापाने कापून जोडून देतो. सगळं चार-चार फुटांच्या तुकड्यांत, नट-बोल्टने जोडलेलं ठेवा. या शहरात कुठलं घर कधी रिडेव्हलपमेंटला जाईल सांगता येत नाही.

रूळ

कर्जतसाठी पुढच्या लांब भिंतीवर तीन रूळ, दोन फलाट आणि इंजिन उभं राहील अशी एक छोटी सायडिंग पुरते. मागच्या भिंतीवर डोंगराच्या चित्रामागे चार रुळांचं लपवलेलं यार्ड करा. तेच मुंबई, तेच पुणे आणि तेच खोपोली. गाडी डोंगराआड गेली की प्रवास झाला असं समजायचं.

वळणाची त्रिज्या ६० सेंटीमीटर ठेवा. आयसीएफचा, म्हणजे मेल गाड्यांचा नेहमीचा जुना डबा या मापात जवळजवळ २५ सेंटीमीटर लांब असतो आणि खेळण्याच्या संचातल्या ३६ सेंटीमीटरच्या वळणावर तो कपलिंगला ओढ देऊन उतरतो. वळणावर फलाट असेल तर सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून, तो कुठे घासतो ते पेन्सिलने आखून मगच फलाटाची कड कापा. चढ-उताराच्या भानगडीत या खोलीत पडू नका. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला आठ सेंटीमीटर उंची लागते, आणि मीटरला तीन सेंटीमीटर चढ धरला तरी अडीच मीटरहून जास्त लांबी त्यातच जाते. घाट चित्रात आणि डोंगरात दाखवा, रूळ सपाट राहू द्या.

रूळ निकेल-सिल्व्हरचेच घ्या. लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतात, पितळी काळे पडतात. प्लायवर तीन मिलिमीटरचा कॉर्क चिकटवून त्यावर रूळ बसवला की आवाज कमी होतो. पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत सहज वीस अंशांचा फरक पडतो; तेवढ्यात तीन मीटर रूळ जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. म्हणून थंडीच्या सकाळी काम करत असाल तर प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. भर उन्हाच्या दुपारी टाकत असाल तर फट नको. सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या तुकड्यांवर, मात्र कंजुषी करू नका: दोन सांधे कमी चालतील, पण मध्यम किंवा मोठ्या त्रिज्येचे घ्या. गाड्या घसरतात त्या बहुतेक सांध्यांवरच.

वीज

जुन्या पद्धतीत रुळांना बारा व्होल्ट डीसी देतात. धन-ऋण उलटलं की गाडी उलटी जाते. मुंबईची लोकलही ३ फेब्रुवारी १९२५ पासून कितीतरी दशकं १५०० व्होल्ट डीसीवरच धावली, नंतर २५ हजार व्होल्ट एसीकडे गेली. तुम्ही मात्र थेट डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) घ्या. यात रुळावर कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपल्या क्रमांकाचाच हुकूम ऐकते. कर्जतला याला पर्याय नाही म्हणा ना: पुढे मेलचं इंजिन, मागे बँकर, शेजारी थांबलेली लोकल, तिघांना वेगवेगळं हाकायचं असतं. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारी डीसीसी-ईएक्स ही मोफत प्रणाली बरीच स्वस्तात पडते. सामान लॅमिंग्टन रोडवर मिळून जातं.

फळीखालून दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या लाल आणि काळ्या दोन मुख्य वायरी फिरवा. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांवरून बारीक वायर सोल्डर करा, एकही तुकडा न सोडता. रुळांच्या जोडपट्टीतून वीज पुढे जाईल या भरवशावर राहिलात तर दुसऱ्या पावसाळ्यात गाडी अडखळेल. सोल्डरिंगला रोझिनचा फ्लक्स वापरा, अॅसिडचा नको. झालं की एक रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टेकवा. सिस्टिमने लगेच वीज तोडली पाहिजे. ही चाचणी दर दोन फुटांवर करा. जिथे वीज तुटत नाही, तिथे वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा.

यानंतर डोंगर-झाडांना हात न लावता काही आठवडे नुसत्या गाड्या चालवा. उघड्या प्लायवर दोष सापडतो आणि दुरुस्तही होतो. खडी चिकटल्यावर तेच काम जिवावर येतं.

सह्याद्री

सह्याद्रीचे कडे आडव्या थरांचे आहेत, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. एक्सपीएस इन्सुलेशन बोर्डाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवा, कडा हाताने मोडा, वर पीओपीचं पातळ पाणी फिरवा, मग काळपट राखाडी रंग. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा ती सवय मोडलेलीच बरी. कागदाचा लगदा वापरायचा झाला तर खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर जुलैत डोंगराला खरी बुरशी धरेल. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा.

हिरवागार घाट आणि दहा धबधबे सगळेच करतात. मी जानेवारीचा वाळलेल्या गवताचा डोंगर करायला सांगेन. काथ्या बारीक कापून उभा चिकटवला की ते गवत हुबेहूब येतं, आणि कर्जतकर वर्षातले जास्त महिने तोच रंग बघतो.

खरी खडी काळ्या बेसाल्टची, फार तर पाच-सहा सेंटीमीटरची. म्हणजे इथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची कच हवी. दगडाची भुकटी रव्याच्या चाळणीने चाळा. चौपाटीची वाळू आणू नका, तिच्यातलं मीठ रूळ खातं. कच ब्रशने पसरा, वर पाण्याची फवार मारा, मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरने सोडा. सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नका. विजेचे खांब प्रत्यक्षात जास्तीत जास्त ७२ मीटरवर असतात, या मापात ८३ सेंटीमीटर. तुम्ही ५०-६० वर लावा, तार न ओढता. तारेत बाही अडकते. फलाटावर पत्र्याचं छप्पर, इंडिकेटर आणि वड्याची टोपली घेतलेला माणूस हवाच. दिव्यांना प्रत्येक एलईडीमागे एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की बारा व्होल्टवर तो निवांत जळतो.

गाड्या चालवणं

वेग आधी आवरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला १९ सेंटीमीटर; दहा फुटांची भिंत पार करायला सोळा सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून पाहा, नव्या माणसाची गाडी नेहमी विमान असते. चिपमध्ये कमाल वेग, हळूहळू सुटणं आणि हळूहळू थांबणं हे सगळं बसवता येतं. मेलचं इंजिन आणि बँकर यांचा वेग शेजारच्या दोन रुळांवर एकत्र सोडून जुळवा. मागचं जास्त जोरात ढकलू लागलं तर मधले हलके डबे वळणावर बाहेर उडतात.

मग कागदावर वेळापत्रक. सुरुवातीला पाच नोंदी पुरतात: लोकल मुंबईहून येते, मोटरमन टोक बदलतो, तीच परत जाते. पुण्याची मेल फलाटावर लागते, सायडिंगमधून बँकर निघतो, मागे जोडला जातो, मेल घाटाकडे सुटते. बँकर यार्डात सुटून रिकामा परततो. खोपोली लोकल सुटते. आणि मालगाडी, जिला कुणीच वाट देत नाही, ती मधल्या रुळावर सगळ्यांची वाट बघते. दोघे असाल तर एकाने स्टेशन मास्तर व्हावं, दुसऱ्याने मोटरमन. सांधा बदलल्याचं मास्तर सांगेपर्यंत गाडी हलवायची नाही. घरात हा नियम पाळणं खऱ्या रेल्वेपेक्षा कठीण जातं, विशेषतः मास्तर दहा वर्षांचा असेल तर.

रविवारी मेगाब्लॉक. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती फडक्याने रूळ पुसा, चाकंही पुसा. पॉलिश पेपर लावू नका, त्याच्या चऱ्यांत मळ लवकर बसतो.

जून लागण्याआधी इंजिनं आणि डबे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून घरात न्या. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं, फक्त त्यात पुन्हा कधी केक भाजू नका. लेआउटवर प्लास्टिक ताणून झाकू नका, खाली दमट हवा कोंडते. जुनी सुती चादर टाका, छोटा डीह्युमिडिफायर असेल तर रोज काही तास लावा. गणपतीच्या सुट्टीत चादर काढा, वायरींवर उंदराचे दात नाहीत ना ते टॉर्चने तपासा, नाण्याची चाचणी पुन्हा करा, रूळ पुसा आणि पहिल्यांदा एकटा बँकर सोडा. तो सगळ्या सांध्यांवरून न अडखळता फिरून आला की मगच डबे बाहेर काढा.