फ्रान्समध्ये प्रेपाला अर्ज कसा करायचा, तेर्मिनालच्या मुलांच्या आईबाबांसाठी

जानेवारी आला की पॅरिस आणि आसपासच्या मराठी लोकांमध्ये हा प्रश्न ठरलेला असतो, पोरगं तेर्मिनालला (लीसेचं, म्हणजे इथल्या ज्युनियर कॉलेजचं, शेवटचं वर्ष) आहे, बिझनेस स्कूलला जायचं म्हणतंय, कोणीतरी सांगितलं आधी प्रेपा करावी लागते, तर हे प्रेपा प्रकरण नक्की काय आणि फॉर्म कसा भरायचा. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिल्यांदा, हे कोणासाठी नाही ते सांगते. भारतात बीई नाहीतर बीकॉम करून एचईसी किंवा एसेक या वरच्या बिझनेस स्कूलांना यायचंय अशांचा प्रेपाशी काही संबंध नाही. ते लोक जीमॅट किंवा जीआरई देऊन मास्टर्स इन मॅनेजमेंटला थेट अर्ज करतात. पुण्याहून भाच्याने विचारलं तर त्याला उगाच या भानगडीत पाडू नका. हे आहे इथे लीसेत शिकणाऱ्या, फ्रेंच बाक (इथली बारावी) देणाऱ्या मुलांसाठी.

प्रेपा म्हणजे बाकनंतरची दोन वर्षं, तीही कॉलेजात नाही तर लीसेतच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग, आठवड्याला चार-चार तासांचा पेपर, आणि कोल म्हणून तोंडी परीक्षा ज्यात मास्तरांसमोर उभं राहून विषय मांडायचा आणि नंतर प्रश्न झेलायचे. दोन वर्षांनी काँकूर, म्हणजे प्रवेश परीक्षा. आपल्या लातूर पॅटर्नसारखं समजा, फक्त इथे क्लासचा मालक बहुतेक वेळा सरकार आहे. काँकूरच्या दोन बँका आहेत, म्हणजे एकत्र परीक्षा घेणाऱ्या स्कूलांचे दोन गट, बीसीई ज्यात एचईसी, एसेक, ईएससीपी, एडेक, ईएम लियों वगैरे येतात, आणि एक्रिकोम ज्यात नेओमा, केज वगैरे. लेखी एप्रिल-मेमध्ये आणि तोंडी जून-जुलैमध्ये.

कॉमर्सवाल्या प्रेपाचं नाव ईसीजी (हृदयाचा नव्हे). ही २०२१ पासून आहे, त्याआधी ईसीएस आणि ईसीई अशा दोन वेगळ्या शाखा होत्या, त्यामुळे ऑफिसातला फ्रेंच कलीग आपल्या काळातलं सांगत असेल तर चहा पिता पिता ऐकून घ्या पण फॉर्म त्यावरून भरू नका. टेक्नॉलॉजिकल बाकवाल्यांसाठी ईसीटी म्हणून वेगळी शाखा आहे, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

पैशाचं विचारतातच सगळे. सरकारी लीसेत शिकवण्याची फी नाही. युनिव्हर्सिटीतही नाव घालावं लागतं, त्याचे २०२४-२५ साली १७५ युरो होते, वर सेवेसे म्हणून विद्यार्थी-वर्गणीचे शंभरेक युरो, आणि बूर्स (सरकारी शिष्यवृत्ती) मिळत असेल तर दोन्ही माफ. खाजगी लीसेचं गणित वेगळं, व्हर्सायच्या सँत-जनव्हिएव्हसारख्या ठिकाणी घरच्या उत्पन्नावर फी ठरते. खरा खर्च दोन वर्षांनंतर येतो, वरच्या स्कूलांची फी वर्षाला २० हजार युरोंच्या घरात जाते, तेव्हा बँकेच्या कर्जाचा विचार आत्ताच मनात असू द्या.

आता कामाचं. अर्ज पार्कूरसुप या सरकारी प्रवेशाच्या साइटवर होतो आणि फॉर्म जानेवारीत सुरू होत असला तरी अर्ज खरं तर त्याच्या दीड वर्ष आधी सुरू झालेला असतो. प्रमिएरला (तेर्मिनालच्या आधीचं वर्ष) मुलं तीन स्पेसियालिते, म्हणजे मुख्य विषय, घेतात आणि तेर्मिनालला त्यातला एक सोडतात, तिथेच अर्धा निकाल लागतो. ईसीजीला गणित पाहिजेच. तेर्मिनालमध्ये गणित स्पेसियालिते ठेवलेलं असावं, नाहीतर निदान माथ काँप्लेमाँतेर (पूरक गणित) हा ऑप्शन तरी घेतलेला असावा. गणित पूर्ण सोडून दिलेल्या मुलाला ईसीजी जवळजवळ बंद आहे. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मूल अजून सकोंदला (प्रमिएरच्या आधीचं वर्ष) असेल तर खरं हे तुमच्यासाठीच आहे.

ईसीजी ही एक चॉइस नाही, चार आहेत. गणिताचे दोन प्रकार, अप्रोफोंदी म्हणजे खोलवरचं आणि आप्लिके म्हणजे उपयोजित, आणि दुसऱ्या बाजूला ईएसएच (अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास) किंवा एचजीजी (इतिहास, भूगोल, जिओपॉलिटिक्स), यातला एक-एक उचलून चार जोड्या होतात आणि पार्कूरसुपवर प्रत्येक जोडी वेगळी दिसते. इथे आपले लोक हमखास एक गोष्ट करतात, मुलगा गणितात बरा आहे ना, मग अप्रोफोंदीच घे, तेच भारी. भारी आहे खरं, पण आप्लिकेवाल्यांनाही एचईसीची दारं उघडी असतात, त्यांचा गणिताचा पेपरच वेगळा असतो. ज्याला प्रूफ लिहायला मजा येते त्याने अप्रोफोंदी घ्यावं, ज्याला वीसपैकी चौदा-पंधरा मार्क पडतात पण मनापासून इकॉनॉमिक्स वाचायला आवडतं त्याने आप्लिके आणि ईएसएच. आणि एचजीजी म्हणजे सोपा इतिहास असं समजून घेऊ नका, तिथे लांबलचक निबंध लिहायचे असतात, ज्या मुलाचं लिखित फ्रेंच कच्चं आहे त्याला ते फार जड जातं. तशी फ्रेंच आणि फिलॉसॉफी सगळ्यांनाच आहे. शिवाय दोन परकीय भाषा लागतात आणि त्यातली एक इंग्लिश असावीच लागते, तिथे आपली मुलं पुढे असतात, पण दुसरी भाषा, म्हणजे स्पॅनिश नाहीतर जर्मन, शाळेत जेमतेम पास होण्यापुरती केलेली असेल तर तिच्याकडे आत्तापासून बघा.

दोसिएत (अर्जाच्या फाइलीत) काय जातं ते समजून घ्या म्हणजे चिंता कुठे करायची ते कळेल. प्रमिएरची तिन्ही तिमाहींची बुलेटिनं (प्रगतिपुस्तकं), तेर्मिनालच्या पहिल्या दोन तिमाहींची, प्रमिएरच्या शेवटी झालेल्या फ्रेंच विषयाच्या बाक परीक्षेचे मार्क (२०२६ पासून प्रमिएरच्या शेवटी गणिताची पण परीक्षा आली आहे), आणि फिश आव्हनीर म्हणून एक कागद, जो लीसे भरते, ज्यात प्रत्येक मास्तरांचं मत, वर्गात नंबर कितवा आणि मुख्याध्यापकांचा शेरा असतो. तेर्मिनालच्या स्पेसियालितेची बाक परीक्षा जूनमध्ये होते म्हणून ते मार्क यात येतच नाहीत. थोडक्यात मार्च उजाडेपर्यंत बहुतेक सगळं आधीच छापून झालेलं असतं.

मार्कांसोबत वर्गाची सरासरीही दिसते. त्यामुळे कडक लीसेतले तेरा आणि सढळ हाताने मार्क देणाऱ्या लीसेतले सतरा यातला फरक निवड करणाऱ्यांना कळतो, निदान कळायला वाव असतो. आणि मास्तरांचे शेरे ते खरंच वाचतात, विशेषतः मधल्या फळीतल्या दोसिए, कारण अगदी वरचे आणि अगदी खालचे आकड्यांवरूनच वेगळे होतात. आपल्या मुलांच्या बुलेटिनवर एक शेरा मी इतक्या वेळा पाहिलाय की आता हसू येतं, "सिरियस विद्यार्थिनी, पण वर्गात बोलत नाही". आपल्याकडे गप्प बसून ऐकणारं मूल म्हणजे गुणी मूल. इथे प्रेपाचे लोक विचार करतात की ही कोलला फळ्यासमोर उभी राहून बोलणार कशी. तेव्हा नोव्हेंबरातच मुलीला सांगा, आठवड्यातून दोनदा तरी हात वर कर, चुकलं तरी चालेल. दुसऱ्या तिमाहीच्या शेऱ्यात "आता भाग घेऊ लागली आहे" असं आलं तर ते सुंदर पत्रापेक्षा जास्त कामाचं आहे. पालकसभेत मास्तरांना सरळ सांगा की ही ईसीजीला अर्ज करणार आहे. सांगितलं नाही तर त्यांनाही माहीत नसतं.

यादी कशी बनवायची. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चॉइस टाकायच्या आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दोसिए पूर्ण करून कन्फर्म करायची (नक्की तारखा दरवर्षी थोड्या हलतात, साइटवर बघा, आणि शेवटच्या रात्रीवर ठेवू नका प्लीज). एकूण १० चॉइस मिळतात. प्रेपाची एक जोडी म्हणजे एक चॉइस आणि तिच्याखाली वेगवेगळ्या लीसे उप-चॉइस म्हणून टाकता येतात, एका चॉइसखाली जास्तीत जास्त १०, आणि सगळ्या मिळून २०. एकाच लीसेला होस्टेलसकट आणि होस्टेलशिवाय असे दोन्ही मागितले तरी ती एकच धरली जाते, म्हणून लांबच्या लीसेत दोन्ही टिक करायला हरकत नाही. टाकताना क्रम द्यावा लागत नाही आणि एका लीसेला तुमच्या बाकीच्या चॉइस दिसत नाहीत. त्यामुळे "हेन्री-कात्र टाकलं तर दुसरे नाराज होतील का" ही काळजी सोडा.

प्रेपाला तुमच्या जिल्ह्याची अट नसते, पॅरिसबाहेर राहणारा पॅरिसात आणि पॅरिसवाला लियोंच्या लीसे द्यु पार्कला अर्ज करू शकतो. यादीत तीन थर ठेवा. वरचा थर म्हणजे हेन्री-कात्र, लुई-ल-ग्राँ, सँत-जनव्हिएव्ह, दोन-तीन पुरे. मग मधला थर, हाच सगळ्यात महत्त्वाचा आणि यावरच सगळ्यात कमी वेळ घालवला जातो. आणि खाली दोन-चार अशा जिथे मिळायची बरीच शक्यता आहे. प्रत्येक लीसेच्या पानावर गेल्या वर्षी किती अर्ज आले, जागा किती, घेतलेली मुलं कशी होती, आणि कोणत्या गोष्टीला किती वजन देतात ते लिहिलेलं असतं. मासिकांच्या रँकिंगपेक्षा ते पान वाचा. रँकिंगमध्ये वरती असलेली लीसे मुळात फ्रान्सभरातली वरची मुलं घेते, मग ती मुलं एचईसीत गेली यात लीसेचं कर्तृत्व किती हे त्या आकड्यावरून काही कळत नाही.

माझं स्पष्ट मत, घरापासून तासाभराच्या आत असलेली मधली लीसे ही आरईआरने (उपनगरी ट्रेनने) दीड तास लांबच्या नामांकित लीसेपेक्षा बरी, होस्टेल मिळालं तर गोष्ट वेगळी. रात्री आठला थकून घरी येणारं मूल दुसऱ्या दिवशीच्या कोलची तयारी कधी करणार. आणि वर्गात शेवटून तिसरा राहून दोन वर्षं काढणं सगळ्यांना झेपत नाही, काहींना त्यानेच चेव येतो, पण आपलं मूल कोणत्या जातीचं आहे ते आईबापाला माहीत असतं.

जानेवारी ते मार्चमध्ये शनिवारी लीसेचे ओपन डे असतात, तिथे जा, पण मोठी बिल्डिंग बघून परत येऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, पहिल्या वर्षानंतर किती जण सोडून गेले, किती जण दुसरं वर्ष पुन्हा करतात (याला इथे क्यूबे म्हणतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही), संध्याकाळी अभ्यासाला वर्ग उघडे असतात का, होस्टेल दुसऱ्या वर्षीही राहतं का. मास्तर सांगतील ते ब्रोशर असतं, मुलं खरं सांगतात.

मोटिव्हेशनच्या पत्राला स्पेससकट १५०० अक्षरं मिळतात, म्हणजे पान सुद्धा नाही. आपल्या घरी त्यावर आई, बाबा, मामा, ऑफिसातली फ्रेंच मैत्रीण आणि एआय सगळे बसतात आणि शेवटी ते कोणाचंच वाटत नाही. "लहानपणापासून मला बिझनेसची आवड" हे वाक्य काढून टाका. मुलाने काय वाचलं, ही जोडी का निवडली, कोलबद्दल काय माहिती आहे, ओपन डेला काय कळलं, एवढं स्वतःच्या शब्दांत आलं की झालं. फ्रेंच चुका मात्र कोणाकडून तरी तपासून घ्या.

ॲक्टिव्हिटीचा रकाना ऐच्छिक आहे म्हणून रिकामा सोडतात, सोडू नका. मंडळाच्या गणपतीत वर्गणीचा हिशोब ठेवला, लहान मुलांचं नाटक बसवलं, हॉल बुक करायला नगरपालिकेशी पत्रव्यवहार केला, हे सगळं इथे लिहिण्यासारखं आहे, फक्त वाचणाऱ्याला गणपती माहीत नाही हे धरून लिहा, म्हणजे किती लोकांचा कार्यक्रम, मुलाने नक्की काय काम केलं.

१० पैकी सगळ्या चॉइस प्रेपावर उडवू नका. लिसांस इको-जेस्तियों (युनिव्हर्सिटीची अर्थशास्त्र-व्यवस्थापनाची पदवी), ब्युत (तीन वर्षांची तांत्रिक-व्यावसायिक पदवी), पॅरिसची दोफीन युनिव्हर्सिटी, किंवा सेझाम आणि ॲक्सेस या परीक्षांमधून बाकनंतर लगेच मिळणारी बिझनेस स्कूलं, यातलं एक-दोन ठेवा (सेझाम, ॲक्सेसची फी वेगळी भरावी लागते). ब्युत किंवा लिसांस करून नंतर बाजूच्या दाराने त्याच ग्राँद एकोलमध्ये (वरच्या स्कूलांत) जाता येतं, आणि दरवर्षी बरीच मुलं तशी जातात.

बूर्सचा अर्ज पार्कूरसुपवर होत नाही, तो क्रूसच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारं सरकारी खातं) साइटवर १ मार्च ते ३१ मे. भारतीय पासपोर्टवाल्या मुलांसाठी अट अशी की मूल किमान दोन वर्षं फ्रान्समध्ये राहत असावं आणि आईबाबांचा टॅक्सही तेवढे दिवस इथे भरला जात असावा. ज्यांना वाटतं आपला पगार जास्त आहे त्यांनी पण एकदा सिम्युलेटर चालवून बघा, दोन-तीन मुलं असतील आणि लीसे लांब असेल तर हिशोब बदलतो.

उत्तरं जूनच्या सुरुवातीला यायला लागतात. हो, नाही, किंवा वेटिंग. "हो" आलं की उत्तर द्यायला मोजके दिवस असतात आणि ते चुकवलं तर जागा जाते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात भारताचं तिकीट काढू नका, काढलंच तर मुलाच्या फोनवर अलर्ट आणि नेट चालू राहील याची सोय करा. एक जागा स्वीकारून बाकीच्या वेटिंग चालू ठेवता येतात, पण त्या ठेवायच्यात असं स्पष्टपणे टिक करावं लागतं, आणि पुढे उरलेल्या वेटिंगचा क्रम लावून द्यावा लागतो, तोही वेळेत. वेटिंग लिस्टमध्ये तुमचा नंबर आणि गेल्या वर्षी शेवटचा कितव्या नंबरवाल्याला बोलावलं ते दिसतं. पहिल्या दिवशी ३०० नंबर बघून घरात रडारड करू नका, वरची मुलं एकेक जागा सोडत जातात तशी यादी झपाट्याने पुढे सरकते.

जुलैच्या सुरुवातीला बाकचा निकाल लागला की स्वीकारलेल्या लीसेत ॲडमिशन घ्यायला पुन्हा थोडेच दिवस मिळतात. बाकचा निकाल, ओळखपत्र, लसींचे कागद, होस्टेल असेल तर त्याचा वेगळा फॉर्म, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आधीच ठेवा. लीसे बहुतेक त्याच वेळी सुट्टीतल्या वाचनाची यादी हातात देते, ती भारतात नेणाऱ्या बॅगेत टाका.