नवी सबरेस टाकताय? या चुका टाळा

चवथीची सुट्टी जवळ आली की गावोगावचे पोरगे घरच्या कॉम्प्युटरवर नेव्हरविंटर नाइट्स या रोल-प्लेइंग गेमचा सर्व्हर उभा करतात, आणि पहिल्याच आठवड्यात त्यात ड्राउ, म्हणजे जमिनीखालचा एल्फ, हवा असतो. मूळ वंशाचा असा पोटप्रकार म्हणजे सबरेस, आणि ती स्क्रिप्टने घालायची. गेम २००२ चा, एन्हान्स्ड एडिशन २०१८ ची, पण चुका अजून त्याच. कुणाचं तरी स्क्रिप्ट उचलायचं, आकडे वाढवायचे, एकदा लॉगिन करून बघायचं आणि ‘झालं’ म्हणायचं. झालेलं काही नसतं.

पहिली चूक बेरजेची. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमपुस्तकात ड्राउला डेक्स (चपळाई) +२, कॉन (काटकपणा) -२, इंटेलिजन्स +२, करिष्मा +२ असं दिलेलं असतं आणि लोक हे चारही आकडे एल्फवर चढवतात. पण गेममधल्या साध्या एल्फला डेक्स +२ आणि कॉन -२ आधीच मिळालेलं असतं. स्क्रिप्टने द्यायचे फक्त शेवटचे दोन. डुएर्गार, म्हणजे जमिनीखालचा ड्वार्फ, त्याचंही तसंच: ड्वार्फला कॉन +२, करिष्मा -२ आहेच, डुएर्गारचा करिष्मा -४, म्हणून आणखी -२ एवढंच काम. स्वर्फनेब्लिन, म्हणजे जमिनीखालचा नोम, उलटा फसवतो. नोमला कॉन +२ असतो आणि स्वर्फनेब्लिनला नसतो, म्हणून तिथे कॉनमधून २ काढावे लागतात. कागदावर दोन रकाने आखा, मूळ वंश आणि सबरेस, आणि फरक तेवढा स्क्रिप्टमध्ये लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. खेळाडू आत आला की स्क्रिप्ट चालतं, मूळ गुण बदलतं आणि ‘दिलं’ अशी खूण खेळाडूवरच लोकल व्हेरिएबल (चालू सर्व्हरच्या मेमरीतली नोंद) म्हणून ठेवतं. बदललेले गुण कॅरेक्टरच्या फाइलमध्ये जातात. ती खूण मात्र सर्व्हर बंद पडला की पुसली जाते. फोंड्यातल्या एखाद्या घरात, जून लागल्यावर, दिवसातून दोनदा वीज जाते तिथे काय होतं बघा. स्वर्फनेब्लिन, लेव्हल १०, कॉन १४ चा रीतसर १२ झाला. वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू, खूण नाही, म्हणून कॉन १०. असं चार वेळा झालं की कॉन ४. बोनस +१ चा -३ होतो, म्हणजे लेव्हलमागे ४ आणि एकूण ४० हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) गेले. खेळाडू तक्रार घेऊन येतो: ‘तुमचे राक्षस फार जोरात मारतात.’ मग ॲडमिन दोन दिवस राक्षसांचे आकडे खाली आणत बसतो. तोवर त्याच खेळाडूचा डेक्स, सबरेसचे +२ दर वेळी पुन्हा मिळून, ८ ने वर गेलेला असतो, पण त्याबद्दल कोण बोलणार?

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. खूण कॅम्पेन डेटाबेसमध्ये (सर्व्हर बंद झाला तरी टिकणाऱ्या नोंदीत) ठेवा किंवा टाकून देता न येणाऱ्या एखाद्या वस्तूवर लिहा. वस्तूवरची व्हेरिएबल कॅरेक्टरबरोबर जपली जातात. आणि गुणांत ‘मिळवू’ नका, ‘ठरवा’: पहिल्या वेळी मूळ आकडा नोंदवा आणि पुढे नेहमी मूळ अधिक फरक एवढाच आकडा लिहा. मग स्क्रिप्ट शंभरदा चालो. तपासणीही अशीच करायची, तीन लॉगिन, दोन रीस्टार्ट. मधल्या एका वेळी सरळ प्लग ओढा.

मूळ गुण बदलणारं प्लगिन बसवायचा कंटाळा म्हणून बरेच जण सगळं अदृश्य कातड्यावर, म्हणजे पात्राच्या अंगावर चढवलेल्या न दिसणाऱ्या वस्तूवर, टाकतात. चालतं, पण वस्तू आणि जादू मिळून गुणाची वाढ +१२ वर थांबते आणि कातड्यावरचे +२ त्यातच मोजले जातात. वर, कातडं अंगावर चढवणं ही रांगेतली क्रिया आहे. खेळाडूने मध्येच क्लिक केलं की रांग तुटते आणि कातडं पिशवीत पडून राहतं. आधी रांग साफ करा, थोड्या विलंबाने चढवा आणि त्या जागी ते खरंच बसलंय का ते तपासा. ड्रुइडने रूप बदललं की त्या रूपाचं कातडं वर येतं, हेही लक्षात असू द्या.

स्पेल रेझिस्टन्स (जादू परतवायची ताकद) कातड्यावर नकोच. ड्राउचा हिशेब ११ अधिक लेव्हल, आणि वस्तूवर मात्र १०, १२, १४ असे समच आकडे मिळतात. सुपरनॅचरल प्रकारचा इफेक्ट द्या, त्याला टॅग (ओळखीचं नाव) लावा. लेव्हल वाढली की जुना टॅग शोधून काढा आणि नवा द्या. एक्स्ट्राऑर्डिनरी वापरलात तर विश्रांती घेतली की गेला.

सबरेसचं नाव खेळाडू हाताने टाइप करतो. कॅपिटल, स्मॉल, मागे सुटलेली स्पेस, सगळं येतं. अक्षरं लहान करून घ्या, आणि मूळ वंशही तपासा, नाहीतर हाफ-ऑर्कच ‘ड्राउ’ म्हणून फिरेल.

एक्सपीचं, म्हणजे अनुभवाच्या गुणांचं, गणित खरं तर सोपं आहे. लेव्हल ५ वरून ६ ला साध्या पात्राला ५००० लागतात. ईसीएल (ताकदवान सबरेससाठी जास्तीच्या धरायच्या लेव्हल) +३ असेल तर ८०००. म्हणून मिळालेला एक्सपी गुणिले लेव्हल, भागिले लेव्हल अधिक ईसीएल. २०० मिळाले तर २०० × ५ ÷ ८ = १२५. आधी गुणा, मग भागा. ५ ÷ ८ आधी लिहिलंत तर पूर्णांकांत उत्तर शून्य येतं आणि खेळाडूने कितीही राक्षस मारले तरी त्याला काही मिळत नाही. मॉड्यूलचा एक्सपी स्केल शून्यावर ठेवायला विसरू नका, नाहीतर इंजिन आपला एक्सपी वेगळा वाटत राहील. ‘आमच्याकडे ईसीएल नको, मजा जाते’ म्हणणाऱ्यांच्या सर्व्हरवर महिन्याभरात मनुष्य औषधालाही सापडत नाही.

ड्राउचं उन्हाने आंधळं होणं फक्त एरियात (नकाशाच्या एका भागात) शिरताना तपासू नका. डिफॉल्टला गेमचा तास २ मिनिटांचा, सकाळ ६ ला होते. रात्री शिरलेला ड्राउ तिथेच उभा राहिला तर दिवसाची २४ मिनिटं उन्हात मजेत काढतो.

शेवटी आपल्याकडच्या कल्पना. देवचार सबरेस म्हणून चांगला जमतो, पण ड्राउचे आकडे चिकटवून नाव बदललं की देवचार होत नाही. तो शीव राखणारा. त्याची ताकद एका गावापुरती हवी. त्या एरियात शिरताना टॅग लावलेला इफेक्ट द्या, बाहेर पडताना काढा, ईसीएल +१ पुरे. वेताळाला मात्र सोडा. गोव्यातल्या आमोण्यात त्याचं देऊळ आहे, आणि लेव्हल १ ला गोब्लिनकडून मार खाऊन पडलेला वेताळ तिथल्या खेळाडूला दाखवायची हिंमत असेल तर खुशाल टाका.