सुतारकामासाठी टूल बेल्ट कसा निवडावा

दुकानात टांगलेला रिकामा टूल बेल्ट कमरेला लावून पाहिला, तर तो बहुधा आरामशीरच वाटतो आणि निवडीतली पहिली चूक तिथेच होते. तोच पट्टा हातोडी, टेप, पटाश्या आणि भरपूर खिळे घेऊन दिवसभर अंगावर राहिला, शिडी चढला, गुडघ्यांवर टेकला, की त्याचे खरे रूप कळते. कधी तो एका बाजूला झुकतो, कधी पिशव्या मांडीवर आपटतात, तर कधी दुपार होईतो कड कमरेच्या हाडावर रुतू लागते. म्हणून निवडीची सुरुवात त्यात जाणाऱ्या अवजारांपासून करावी, पट्ट्याकडे नंतर वळावे. पट्टा चांगला की वाईट, हे ठरवण्याची माझी कसोटी एकच आहे: काम करताना नजर लाकडावरच राहावी आणि हात खाली जाताच हवे ते अवजार चाचपडावे न लागता मिळावे.

पायरी १: अवजारांची यादी करावी आणि ती तोलावीत

आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी. दिवसातून आठ-दहा वेळा तरी हातात येतात अशी अवजारे कोणती? बहुतेकांची ही यादी वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघते: हातोडी, टेप, पेन्सिल, गुण्या, कटर, एक-दोन पटाश्या, स्क्रूड्रायव्हर, खिळ्याचे डोके आत बसवण्याचा पंच आणि त्या दिवसाच्या कामाचे खिळे किंवा स्क्रू. एवढेच पट्ट्यात जावे. दिवसातून एखाद्या वेळी लागणारी पक्कड, कानस किंवा लांब लेव्हल पेटीतच बरी. कप्पा रिकामा दिसला की त्यात काहीतरी खोचावेसे वाटते आणि काढायचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे जास्त कप्प्यांचा पट्टा हळूहळू आपोआप जड होत जातो.

यादी झाली की सगळी अवजारे एकत्र तोलावीत. साध्या हातोडीच्या नुसत्या डोक्याचे वजन ४५० ग्रॅमच्या आसपास असते आणि लाकडी सांगाड्याच्या जड कामाच्या हातोडीत ते ६०० ग्रॅमच्या घरात जाते. खिळ्यांचे वजन तर हमखास फसवते, कारण मूठभर खिळे हलके वाटले तरी पिशवीभर खिळे हातोडीलाही मागे टाकतात. एकूण भार ३ किलोंच्या आत असेल, तर साधा पट्टा पुरतो. तो ५ किलोंच्या पुढे जात असेल, तर पट्टा रुंद हवा आणि खांद्यांवरून येणारे पट्टेही हवेत, असे मी मानतो.

पायरी २: काम कोणत्या जातीचे आहे, ते ठरवावे

छपराचे वासे, भिंतींचे सांगाडे, शटरिंग अशा कामांत खिळे भराभर लागतात आणि हातात मोजे असू शकतात. तिथे तोंड रुंद, तळ खोल आणि भिंती ताठ असलेल्या पिशव्या हव्यात. तोंड मिटणाऱ्या मऊ पिशवीत दर खेपेला हात घुसवावा लागला, तर दिवसभरात त्याचा त्रास मोठा होतो. कपाटे बसवणे, चौकटींच्या पट्ट्या लावणे, पॉलिश झालेल्या पृष्ठभागांजवळ वावरणे अशी नाजूक कामे करणाऱ्याने मात्र लहान, अंगालगत राहणारा आणि शक्यतो स्वेडसारख्या मऊ चामड्याचा पट्टा पाहावा. बाहेर आलेले रिवेट (जोड पक्का करणारी धातूची खिळी) किंवा हातोडी अडकवण्याचे धातूचे कडे तयार दारावर एकदा घासले, की ओरखडा कायमचा राहतो.

दोन्ही प्रकारची कामे असतील, तर मूळ पट्टा एकच ठेवून त्यावर सरकवून बदलता येणाऱ्या सुट्ट्या पिशव्या घेणे सोयीचे ठरते. यात एक पिशवी फाटली तरी सगळा संच टाकावा लागत नाही. उणीव अशी की सुट्ट्या पिशव्या चालताना पट्ट्यावर सरकतात. म्हणून पट्टा ओवण्याची त्यांची मागची फट पट्ट्याच्या रुंदीला घट्ट बसणारी आहे ना, हे पाहावे.

पायरी ३: माप घ्यावे

पॅन्टचे माप इथे उपयोगाचे नाही. टूल बेल्ट कमरेच्या बारीक भागावर बांधायचा नसतो, तो दोन्ही बाजूंच्या वरच्या हाडांवर टेकलेला असायला हवा, कारण भार हाडांनी पेलला तरच पोट आणि पाठ मोकळी राहते. कामाचे कपडे घालून, रोजचा पट्टा कमरेला असेल तर तोही ठेवून, त्यावरून टेप फिरवावी. येणाऱ्या मापाला बक्कल मधल्या छिद्रात बसेल असा पट्टा घ्यावा, म्हणजे थंडीतल्या जाड कपड्यांसाठी आणि उन्हाळ्यातल्या पातळ कपड्यांसाठी दोन्हीकडे जागा राहते.

रुंदीचा हिशेब सरळ आहे. तोच भार अधिक जागेवर पसरला की दाब कमी होतो. ५ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा हलक्या भाराला पुरतो, ७.५ सेंटीमीटरचा मध्यम भाराला, आणि त्याहून जड संचासाठी आतून गादी असलेला अधिक रुंद पट्टा लागतो. परंतु रुंदी वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे: ज्यांचे धड आखूड आहे, त्यांना फार रुंद आणि ताठ पट्टा वाकताना वरून बरगड्यांना आणि खालून मांड्यांना टोचतो.

रुंदी कमी म्हणून पट्टा करकचून आवळणे हा उपाय नव्हे. कमरेच्या पुढच्या बाजूने एक चेतातंतू मांडीच्या बाहेरच्या भागाकडे उतरतो आणि घट्ट पट्ट्याखाली तो दाबला गेला, की तिथे मुंग्या येणे, बधिरपणा किंवा जळजळ सुरू होते. वैद्यकात याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि अवजारांचे जड पट्टे हे त्याचे एक परिचित कारण आहे. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल, तर पट्टा सैल करावा, भार कमी करावा आणि त्रास टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

पायरी ४: चामडे की कापड

सर्वाधिक वाद या प्रश्नावर होतात, आणि अर्धे वाद ‘चामडे’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात म्हणून होतात. कातड्याचा सर्वांत वरचा, घट्ट तंतूंचा थर शाबूत ठेवलेले चामडे म्हणजे फुल ग्रेन. तेच सर्वांत मजबूत. त्याखालच्या सैल तंतूंच्या थराला स्प्लिट म्हणतात. स्वेडही बहुधा याच थरापासून होते आणि पिशव्यांना ते चालते, मात्र भार पेलणाऱ्या मुख्य पट्ट्याला ते पुरेसे नाही, कारण ओढ पडत राहिली की ताणले जाते. बॉन्डेड लेदर हा तर चामड्याच्या चुऱ्याचा आणि चिकट द्रव्याचा थर असतो; त्याकडे वळूच नये. ओळखायचे असेल तर कापलेली कड निरखावी. खऱ्या चामड्यात तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात, तर बॉन्डेडमध्ये एकावर एक चिकटवलेले थर दिसतात आणि घडी घातली की वरचा लेप तडकू लागतो. कडेवर जाड रंग फासून ती झाकलेली असेल, तर थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

चामड्याची जाडी अनेकदा औंसांत सांगितली जाते आणि त्यामुळे ग्राहक गोंधळतो. इथे एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. मुख्य पट्ट्यासाठी ४ ते ५ मिलिमीटर, म्हणजे १० ते १२ औंस, जाडी चांगली. पिशव्यांना त्याहून थोडी कमी चालते. कमावण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेले चामडे ताठ असते, आकार धरून ठेवते आणि काही आठवड्यांत अंगाच्या वळणाने बसते; क्रोमने कमावलेले सुरुवातीपासून मऊ असते आणि पाण्याला अधिक दाद देत नाही. टॅनिनचे चामडे ओले असताना लोखंडाला लागून राहिले, तर त्यावर काळे डाग उमटतात.

नायलॉन आणि पॉलिएस्टरचे पट्टे हलके असतात, पहिल्या दिवसापासून वापरता येतात आणि पावसात भिजले तरी लवकर वाळतात. त्यांच्या लेबलवर डेनिअरचा आकडा असतो, तो म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. साध्या पिशव्यांत ६०० डेनिअरचे पॉलिएस्टर सर्रास दिसते. टूल बेल्टसाठी १,००० डेनिअरचे किंवा त्याहून जाड नायलॉन पाहावे. मात्र हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, विणीचा घट्टपणा सांगत नाही, म्हणून कापड बोटांत धरून तिरके ओढून पाहावे. कापडाचा खरा शत्रू म्हणजे टोके. खिळ्यांची टोके आणि पटाशीची धार तळातून हळूहळू बाहेर डोकावू लागतात. पुष्कळ खिळे वागवणाऱ्याने कापडी पिशवी घ्यायचीच असेल, तर तिच्या तळाला चामड्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा अस्तर-थर हवा. माझी निवड विचाराल, तर जड आणि रोजच्या कामाला चामडे, आणि हलक्या किंवा सतत ओलाव्यातल्या कामाला नायलॉन.

पायरी ५: जोड तपासावेत

पट्टा मधूनच तुटल्याचे क्वचित दिसते. तो सुटतो तो जोडांवर. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यांवर आणि हातोडीच्या कड्यापाशी शिवणीखेरीज रिवेटही असावेत. शिवण दुहेरी असावी, टाके एकसारखे असावेत आणि कापडी पट्ट्यात ताण येणाऱ्या ठिकाणी दाट आडव्या टाक्यांची गाठ मारलेली असावी. रिवेटचे आतले तोंड बोटाने चाचपून पाहावे. ते खरबरीत असेल, तर कपडे फाटतात आणि हातही सोलतो. बक्कल धातूचे, दोन काट्यांचे असेल तर रुंद पट्टा सरळ राहतो. प्लॅस्टिकचे झटपट सुटणारे बक्कल सोयीचे असले तरी जड भाराखाली ते जाड आणि पक्के असायला हवे.

पायरी ६: कुठे काय, हे ठरवावे

सर्वसाधारण पद्धत अशी: उजव्या हाताने काम करणाऱ्याची हातोडी, टेप, पेन्सिल आणि गुण्या उजवीकडे, आणि खिळे-स्क्रू डावीकडे, कारण हातोडी एका हातात असताना दुसरा हात खिळा उचलतो. डावखुऱ्यांनी उलट मांडणीचा संच मागून घ्यावा, किंवा सुट्ट्या पिशव्यांचा पट्टा घेऊन त्यांची अदलाबदल करावी. हातोडीचे कडे पाठीकडे थोडे सरकलेले असावे, म्हणजे चालताना दांडा पायांत येत नाही.

पाठीचा मधला भाग मोकळा ठेवावा, या मुद्द्यावर मी आग्रही आहे. तिथे हातोडी किंवा पंच ठेवणे सोयीचे वाटते, पण घसरून पाठीवर पडण्याची वेळ आली, तर तेच लोखंड मणक्यावर येते. पुढचा भागही मोकळा असावा, नाहीतर वाकताना अवजारे पोटात रुततात आणि शिडी चढताना पायरीला अडकतात. पटाश्यांना धारेवर टोपण हवेच, आणि त्यांचा कप्पा इतका खोल असावा की खाली वाकल्यावर त्या बाहेर सांडणार नाहीत.

पायरी ७: खांदेपट्टे

खांदेपट्ट्यांमुळे कमरेवरचा काही भार खांद्यांवर जातो आणि पट्टा आवळण्याची गरज उरत नाही. ते खांद्यावर रुंद आणि गादीचे असावेत, आणि पट्ट्याला निदान चार ठिकाणी जोडलेले असावेत. ते इतकेही ओढू नयेत की पट्टा हाडांवरून वर उचलला जाईल. उंचीवर काम करताना ध्यानात ठेवावे की हे पट्टे पडण्यापासून वाचवत नाहीत. त्यासाठी वेगळा सुरक्षा हार्नेस लागतो आणि दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत ना, हे एकत्र घालूनच तपासावे.

पायरी ८: भरून पाहावे

शक्य असेल तर आपली अवजारे दुकानात न्यावीत. ऑनलाइन मागवला असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी भरून पाहावा. भरलेला पट्टा निदान पंधरा-वीस मिनिटे अंगावर ठेवावा. त्या वेळात जिना चढावा, दोन्ही गुडघ्यांवर बसावे, खाली वाकावे, हात डोक्यावर न्यावेत. मग डोळे मिटून एकेक अवजार काढावे आणि पुन्हा जागेवर ठेवावे. ठेवणे काढण्यापेक्षा कठीण असते आणि पट्ट्याचे दोष तिथे उघडे पडतात: कड्याचे तोंड अरुंद असते, टेपचा कप्पा तिची क्लिप धरत नाही, किंवा पिशवी आत मिटते. सरळ उभे राहून आरशात पाहावे; एक बाजू खाली गेली असेल, तर अवजारे दोन्हीकडे वाटून पुन्हा पाहावे.

वापराला सुरुवात केल्यावर

जाड चामड्याचा नवा पट्टा पहिले काही दिवस टोचतो. तेवढ्यावरून तो चुकीचा ठरवू नये. पहिल्या आठवड्यात अर्ध्याच भाराने वापरावा. चामड्याचे तेल अगदी पातळ हाताने, कोरडेपणा दिसेल तेव्हाच लावावे, कारण जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते आणि पिशव्यांचा आकार जातो. भिजला तर तो सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावा. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात वाळवलेले चामडे ठिसूळ होते. पिशव्यांच्या तळाशी भुसा साचतो आणि तो ओल धरून ठेवतो, म्हणून त्या अधूनमधून उलट्या करून झटकाव्यात. पट्टा ओला असेल त्या रात्री अवजारे आणि उरलेले खिळे त्यात ठेवू नयेत, नाहीतर सकाळी खिळ्यांवर गंज आणि चामड्यावर काळे डाग दिसतात. महिन्यातून एकदा बक्कलाची छिद्रे पाहावीत. एखादे लांबट होऊ लागले असेल किंवा कोपऱ्यातला एखादा टाका सुटला असेल, तर चामड्याचे काम करणाऱ्याकडून तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे, कारण एका सुटलेल्या टाक्यानंतर बाकीची ओळ उसवायला फार दिवस लागत नाहीत.